नोरेनला वारस हवा

सकाळी दुकाने उघडण्याच्या वेळी ओसाका शहरातील सेम्बा भागात एक जुनी रीत आजही पाहावयास मिळते. सरकते लाकडी दार बाजूला होते, आतून कोणी वृद्ध व्यक्ती बाहेर येते, उंबऱ्यापुढची जागा झाडून तिच्यावर पाणी शिंपडते आणि दांडीत ओवलेला एक कापडी पडदा दाराच्या चौकटीवर अडकवते. या पडद्याला ‘नोरेन’ म्हणतात. बहुधा तो गडद निळा असतो आणि त्यावर पेढीचे नाव किंवा घराण्याचे चिन्ह पांढऱ्या रंगात उमटलेले असते. पडदा लागला, की दुकान उघडले असे गिऱ्हाईक समजते.

नोरेनचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. घराण्याची पत, गिऱ्हाइकांचा विश्वास, पिढ्यान्‌पिढ्या जपलेले नाव हे सारे या एका शब्दात सामावलेले आहे. आपल्याकडे व्यापारी ज्याला ‘गुडविल’ म्हणतात, त्याला जपानी हिशेबनीस आजही नोरेनच म्हणतात आणि ताळेबंदात त्याच नावाने त्याची रक्कम मांडतात. पेढीत प्रामाणिकपणे वर्षे काढलेल्या मुनिमाला मालक स्वतंत्र दुकान काढून देई आणि आपले नाव वापरण्याची मुभा देई. या रीतीला ‘नोरेन वाटून देणे’ असे नाव होते.

आज प्रश्न पडला आहे तो हा पडदा उद्या कोणी अडकवावयाचा याचा. २०२५ सालापर्यंत सत्तरी गाठलेल्या लघु व मध्यम उद्योगांच्या मालकांची संख्या सुमारे २४.५ लाख होईल आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे १२.७ लाख मालकांचा वारस ठरलेला नसेल, असा अंदाज जपान सरकारने काही वर्षांपूर्वीच वर्तविला होता. बंद होणाऱ्या पेढ्यांपैकी कित्येक नफ्यात असतात. माल आहे, गिऱ्हाईक आहे, देणे कोणाचे नाही. तरीही दुकान बंद होते, कारण मागे कोणी नाही. व्यापारी घराण्यातील माणसाला या एका वाक्यातील व्यथा अधिक समजावून सांगावी लागत नाही.

मुलगा दैवाधीन, जावई निवडीचा

सेम्बा हा तसा लहानसा भाग आहे. दक्षिणोत्तर सुमारे दोन किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम एक. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोयोतोमी हिदेयोशी याने ओसाकाचा किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा आसपासच्या गावांतील व्यापाऱ्यांना येथे आणून वसविले. भोवती कालवे खणले गेले आणि मालाच्या नावा दारापर्यंत येऊ लागल्या. एकेका धंद्याने एकेक गल्ली धरली. दोशोमाची ही औषधांची गल्ली. आज जगभर औषधे विकणाऱ्या ताकेदा आणि शिओनोगी या कंपन्या याच गल्लीतील पेढ्यांतून वाढल्या. इमाबाशीच्या बाजूस सावकार आणि सराफ होते. जवळच नदीपलीकडे दोजिमा येथे तांदळाचा बाजार भरे. १७३० साली सरकारी मान्यता मिळालेला तेथील वायदेबाजार जगातील पहिल्या वायदेबाजारांत गणला जातो.

आज सेम्बातून मिदोसुजी हा रुंद राजरस्ता जातो. त्याच्या दुतर्फा गिंकोची झाडे आहेत आणि शरद ऋतूत त्यांची पाने सोन्यासारखी पिवळी होतात. काचेच्या उंच इमारतींच्या मधोमध एखादे बुटके लाकडी घर अद्याप तग धरून आहे. दक्षिणेकडे, उन्नत महामार्गाच्या पोटात, सुमारे एक किलोमीटर लांबीच्या दहा इमारतींची रांग आहे. १९७० साली उघडलेल्या या बाजारात कापडाचे ठोक व्यापारी बसतात.

जुन्या सेम्बातील पेढीची रचना आपल्याकडील जुन्या पेढ्यांची आठवण करून देणारी होती. दहा-बारा वर्षांचा मुलगा खेड्यातून येई आणि ‘देच्ची’ म्हणून कामाला लागे. झाडलोट, निरोप पोहोचविणे, गाठोडी उचलणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो गुमास्ता होई आणि त्याहूनही लायक ठरला, तर ‘बांतो’ म्हणजे मुख्य मुनीम होई. मालक त्याला लहानपणापासून पाहत असे. हिशेबात तो चोख आहे का, गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, अडचणीच्या वेळी डोके शांत ठेवतो का, हे सारे त्याला ठाऊक असे. म्हणून कित्येक मालक आपल्या मुलीचा विवाह अशा मुनिमाशी लावून देत, त्याला विधिपूर्वक दत्तक घेत आणि घराण्याचे नाव व दुकानाची गादी त्याच्या हवाली करीत. या दत्तक घरजावयास ‘मुकोयोशी’ म्हणतात.

मुलगा कसा निपजेल हे आपल्या हाती नसते, जावई मात्र पारखून घेता येतो, असे ओसाकाचे व्यापारी म्हणत. पोटचा मुलगा धंद्यात लक्ष घालणारा नसला, तर त्याच्या पोटापाण्याची सोय करून दिली जाई, पण गादी जावयाकडे जाई. पेढी मालकाची नसून घराण्याची आहे, मालक तिचा त्या पिढीपुरता विश्वस्त आहे, अशी यामागील भावना होती. म्हणूनच सेम्बात मुलीच्या जन्माला मोल होते.

ही प्रथा इतिहासजमा झालेली नाही. भारतात घराघरांत पोहोचलेल्या सुझुकी मोटारींचे कर्ते ओसामु सुझुकी हे जन्माने मात्सुदा होते. बँकेतील नोकरी सोडून १९५८ साली ते सुझुकी घराण्याच्या कंपनीत आले, संस्थापकाच्या नातीशी विवाहबद्ध झाले आणि सासरचे नाव त्यांनी लावले. त्यांचे सासरेही त्या घराण्याचे दत्तक घरजावईच होते. १९८२ साली भारत सरकारच्या मारुती कंपनीशी हातमिळवणी झाली ती ओसामु यांच्या कारकिर्दीत. २००७ साली भारताने त्यांना पद्मभूषण आणि २०२५ साली मरणोत्तर पद्मविभूषण देऊन गौरविले. एका जावयाने घराण्याचे नाव देशाबाहेर नेल्याचे हे उदाहरण आहे.

थोडक्यात, जुन्या जपानमध्ये विवाह हा केवळ दोन जिवांचा संबंध नव्हता. तो पेढीच्या वारशाचा, म्हाताऱ्यांच्या सांभाळाचा आणि पूर्वजांच्या स्मरणाचाही बंदोबस्त होता. १८९८ च्या नागरी कायद्याने ही रीत साऱ्या देशाला लागू केली आणि विवाहाला कुटुंबप्रमुखाची संमती आवश्यक ठरविली. युद्धानंतर नवी राज्यघटना आली. तिच्या २४ व्या कलमाने विवाह केवळ स्त्री-पुरुषांच्या परस्परसंमतीवर आधारला आणि १९४७ साली नागरी कायद्यातून घराण्याची जुनी व्यवस्था काढून टाकण्यात आली. मुलींची एका मोठ्या जाचातून सुटका झाली. मात्र त्या व्यवस्थेने उचललेली कामे पुढे कोणी उचलावयाची, हे कायद्याने सांगितले नाही.

अशियाच्या बागेतील चार बहिणी

विसाव्या शतकाच्या आरंभी ओसाकात कारखान्यांचा धूर वाढला, तेव्हा सेम्बातील धनिक शहराबाहेर राहावयास गेले. ओसाका आणि कोबे यांच्या मध्ये, रोक्को पर्वताच्या पायथ्याशी अशिया नावाचे गाव आहे. ओसाकाहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत तेथे पोहोचता येते. उताराचे शांत रस्ते, दगडी कुंपणे, पाइनची झाडे आणि खाली दूरवर चमकणारा समुद्र असे त्याचे रूप आहे. जुनिचिरो तानिझाकी या थोर कादंबरीकाराचे स्मारक-संग्रहालय याच गावी आहे.

तानिझाकी यांची ‘सासामेयुकी’ ही कादंबरी जपानी विवाहपद्धतीच्या इतिहासातील एक मोलाचा दस्तऐवज मानावयास हवी. सेम्बातील एका नामांकित, पण उतरती कळा लागलेल्या व्यापारी घराण्यातील चार बहिणींची ती कथा आहे. थोरल्या दोघींना घरजावई मिळाले आहेत. पण थोरला जावई बँकेतील नोकरी सोडावयास तयार नाही आणि घराण्याचे दुकान परक्याच्या हाती जाते. तिसरी बहीण तिशीला आली तरी अविवाहित आहे. तिच्यासाठी स्थळे येतात, चौकश्या होतात, भेटीचे कार्यक्रम ठरतात आणि कधी मुलाच्या घरातील आजारपण, कधी कुळाची कमतरता, कधी घराण्याचा जुना ताठा यांपायी एकेक स्थळ हातचे जाते. १९४३ साली ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा युद्धकाळात असले चैनीचे लेखन नको म्हणून लष्करी अधिकाऱ्यांनी ती थांबविली. १९४८ साली ती पूर्ण झाली.

स्थळ पाहण्याच्या या पद्धतीला ‘मिआई’ म्हणतात. मध्यस्थ दोन्ही घरांना परिचयपत्र आणि छायाचित्र नेऊन देई. ओसाकाकडे या परिचयपत्राला ‘त्सुरिगाकी’ असे नाव आहे. शिक्षण, नोकरी, आईवडील, भावंडे, आवडीनिवडी असा त्यातील मजकूर पाहिला, तर वधू-वर मेळाव्याला गेलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. पसंती झाली, की ‘युइनो’ म्हणजे देण्याघेण्याचा विधी. या विधीत वाळविलेले कोम्बु हे समुद्रशेवाळ देतात आणि त्याचे नाव ‘अपत्यवती स्त्री’ असा अर्थ होईल अशा अक्षरांनी लिहितात. सोबत तागाचे पांढरे धागे असतात. ‘दोघांचे केस एकत्र पांढरे होवोत’ हा त्यांचा अर्थ.

१९३० च्या दशकात जपानमधील दहांपैकी सुमारे सात विवाह मिआईतून होत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रेमविवाहांनी मिआईला मागे टाकले आणि २०१५ च्या सुमारास तिच्यातून जुळणारे विवाह वीसांत एक एवढेच उरले.

कंपनी नावाचे नवे घराणे

मिआई मागे पडली, तरी विवाह लगेच कमी झाले नाहीत. घराण्याची जागा कंपनीने घेतली. १९५५ ते १९७३ या भरभराटीच्या काळात खेड्यांतील लाखो तरुण शहरांत आले आणि कंपनीत चिकटले ते निवृत्तीपर्यंत. कंपनी घर देई, सहली काढी आणि एका अर्थाने सोयरीकही जुळवी. एकाच कचेरीत काम करणाऱ्यांचे विवाह होत आणि लग्नसमारंभात मध्यस्थाच्या मानाच्या आसनावर वरिष्ठ अधिकारी सपत्नीक बसे. १९७२ साली जपानमध्ये सुमारे ११ लाख विवाह झाले.

ओसाकाच्या उत्तरेस १९७० साली जागतिक प्रदर्शन भरले आणि सहा कोटींहून अधिक लोकांनी ते पाहिले. त्या वर्षी देशात सुमारे १९ लाख ३४ हजार बालके जन्मली. पन्नाशीपर्यंत एकदाही विवाह न झालेले पुरुष शंभरांत दोनदेखील नव्हते. पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण ७ टक्क्यांच्या थोडे वर होते. २०२५ साली ओसाकातच, समुद्रात भर घालून केलेल्या युमेशिमा बेटावर पुन्हा जागतिक प्रदर्शन भरले. या वेळी पासष्टीपुढील लोक २९ टक्क्यांहून अधिक झाले होते. २०२४ साली जन्म ६ लाख ८६ हजार झाले आणि मृत्यू १६ लाखांवर. त्या वर्षी विवाह झाले सुमारे ४ लाख ८५ हजार. शंभरी पार केलेल्यांची संख्या १९६३ साली १५३ होती, ती २०२५ साली लाखाच्या घरात पोहोचली. सरकार शंभरीच्या मानकऱ्यांना चांदीचा पेला भेट देते. मानकरी इतके वाढले, की २०१६ पासून शुद्ध चांदीऐवजी चांदीचा मुलामा दिलेले पेले देण्यात येऊ लागले.

दोन प्रदर्शनांमधील या पंचावन्न वर्षांत काय घडले? संसारी जोडप्यांनी मुले नकोत असे ठरविले, हा समज पुरता खरा नाही. विवाहाला पंधरा ते एकोणीस वर्षे झालेल्या जोडप्यांना सरासरी जवळजवळ दोन मुले आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ही सरासरी १.९० भरली. मोठा फरक पडला तो विवाहांतच. जपानमध्ये विवाहाबाहेर जन्मणाऱ्या मुलांचे प्रमाण दोन-अडीच टक्के असल्यामुळे विवाह घटले, की पाळणेही घटतात. २०२० च्या जनगणनेनुसार पन्नाशीपर्यंत विवाह न झालेल्या पुरुषांचे प्रमाण २८ टक्क्यांवर आणि स्त्रियांचे सुमारे १८ टक्क्यांवर गेले. पहिल्या विवाहाचे सरासरी वय पुरुषांचे ३१ आणि स्त्रियांचे जवळजवळ ३० झाले.

आणि तरीही, अठरा ते चौतीस वयाच्या अविवाहितांना विचारले असता, शंभरांतील ऐंशीहून अधिक जण कधीतरी विवाह करण्याची इच्छा बोलून दाखवितात. इच्छा आहे, पण योग येत नाही, अशी ही स्थिती आहे.

कारणे अनेक आहेत. १९९० नंतर भरभराटीचा फुगा फुटला आणि कंपन्यांनी कायम नोकऱ्या कमी केल्या. आज नोकरदारांपैकी सुमारे ३७ टक्के लोक कंत्राटी किंवा अर्धवेळ कामावर आहेत. अशा पुरुषांना स्थळे मिळणे कठीण जाते. मुली शिकल्या, मिळवू लागल्या. पूर्वी पंचविशी उलटलेल्या अविवाहित मुलीला २५ डिसेंबरनंतर उरलेल्या नाताळच्या केकची उपमा देत. आज तशी भाषा कोणी करीत नाही. पण सून म्हणून घरात गेले, की करावी लागणारी कामे तशीच राहिली. कायद्याने पतिपत्नीचे आडनाव एकच असावे लागते आणि शंभरांतील सुमारे ९५ जोडप्यांत पत्नीच आपले नाव सोडते. घरकामाचा भार तिच्यावर, मुलांचा तिच्यावर आणि पुढे सासू-सासऱ्यांच्या सेवेचाही तिच्यावरच, हा अनुभव मुलींनी आईच्या आयुष्यात पाहिलेला असतो. सावाको आरियोशी या लेखिकेने १९७२ साली स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याची सेवा करणाऱ्या नोकरदार सुनेवर कादंबरी लिहिली, तेव्हा तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. घरोघरी दबलेली गोष्ट प्रथमच कोणी उघड बोलले होते.

ही सेवा सुनेच्या गळ्यातून काढण्याचा मोठा प्रयत्न २००० सालच्या एप्रिलमध्ये झाला. चाळिशीपुढील प्रत्येकाने हप्ता भरावा आणि वार्धक्यात मदतनीस, दिवसाचे सेवाकेंद्र किंवा निवास यांचा खर्च त्यातून भागावा, अशी ही शुश्रूषा-विमा योजना आहे. आज कोणत्याही जपानी गल्लीत सकाळी सेवाकेंद्राची गाडी दारोदार थांबताना दिसते. चालक उतरून आजींचा हात धरतो, त्यांना सावकाश आत बसवितो आणि पुढच्या घरी जातो. शाळेच्या बसची आठवण व्हावी असे हे दृश्य असते. बाजारही बदलला आहे. कागदउद्योगातील एका बड्या कंपनीने २०२४ साली देशात बाळांचे डायपर बनविणे थांबविले आणि प्रौढांच्या डायपरकडे लक्ष वळविले.

कोबेच्या टेकडीवर

अशियाच्या पुढे काही मिनिटांतच कोबे बंदर लागते. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबेला आले. कापड, धागे आणि पुढे मोती हे त्यांचे धंदे. जपानी मोत्यांचा बराच व्यवहार आजही कोबेत होतो आणि त्यात भारतीय पेढ्यांचे, त्यांतही जैन कुटुंबांचे स्थान जुने आहे. कितानो या चढणीच्या भागात भारतातून आणलेल्या संगमरवराचे जैन मंदिर १९८५ पासून उभे आहे. जपानी घरांच्या कौलांमधून पांढरे शिखर दिसते, तेव्हा गिरनार-शत्रुंजय पाहिलेल्या यात्रेकरूचे पाऊल क्षणभर थबकते.

याच कोबेला १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भीषण भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक लोक मरण पावले. वाचलेल्यांसाठी तात्पुरती घरे बांधण्यात आली आणि वृद्धांना ती आधी देण्यात आली. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे जुना शेजार तुटला. अनोळखी वस्तीत एकटे पडलेले वृद्ध दार बंद करून राहू लागले आणि काही जणांच्या मृत्यूची बातमी शेजाऱ्याला कित्येक दिवसांनी कळली. ‘कोदोकुशी’ म्हणजे एकाकी मृत्यू हा शब्द त्यानंतर साऱ्या देशाच्या तोंडी आला. वृद्धांना घर लागते तसा शेजारही लागतो, हा धडा घेऊन जपानमधील पुढील भूकंपांनंतर एका गल्लीतील लोकांना एकत्रच हलविण्याचे प्रयत्न झाले.

तेन्नोजीची चढण

ओसाकाला परतून दक्षिणेकडे गेले, की तेन्नोजीचा उंचवटा लागतो. येथील शितेन्नोजी हे जपानच्या अतिप्राचीन बौद्ध मंदिरांपैकी एक आहे. त्याच्या बांधणीसाठी कोरियातून कारागीर आणले गेले आणि त्यांतील एकाच्या घराण्याने ५७८ साली मंदिरे बांधणारी ‘कोंगो गुमी’ ही पेढी स्थापली, अशी नोंद आहे. चौदाशेहून अधिक वर्षे आणि जवळजवळ चाळीस पिढ्या ही पेढी एका घराण्याकडे राहिली. मुलगा नसे तेव्हा जावई गादीवर येई. १९३० च्या दशकात घरच्या सुनेने, पतीच्या मृत्यूनंतर, कारभार हाती घेतला आणि पेढी सावरली. अखेर कर्जाच्या ओझ्यामुळे २००६ साली ती ओसाकाच्याच एका बांधकाम कंपनीच्या छत्राखाली गेली. सुतार तेच राहिले, हत्यारे तीच राहिली आणि मंदिरेही आजवर उभारली जात आहेत.

शितेन्नोजीपासून थोडे खाली उतरले, की कामागासाकी ही वस्ती येते. १९७० चे प्रदर्शन, पूल आणि महामार्ग ज्यांच्या हातांनी उभारले, ते रोजंदारीचे मजूर येथे राहत. गावाकडून एकटे आलेले हे पुरुष एक-दोन चटयांच्या खोल्यांत राहिले आणि पुष्कळांचा संसार कधी उभाच राहिला नाही. आज ते सत्तर-ऐंशीचे झाले आहेत. त्यांच्या खोल्यांच्या लॉज आता सरकारी मदतीवर जगणाऱ्या वृद्धांची घरे झाली आहेत. कोणाला वारस नसण्याची चिंता, तर कोणाला वारशात देण्यासारखे काही नसल्याची. या चढणीच्या वर आणि खाली दोन्ही भेटतात.

चढणीवरच इश्शिनजी हे मंदिर आहे. येथे एक आगळी प्रथा आहे. भाविक आपल्या मृतांच्या अस्थी येथे आणून देतात आणि दर दहा वर्षांनी त्या अस्थींचे चूर्ण मिसळून अमिदा बुद्धाची मूर्ती घडविली जाते. पहिली मूर्ती १८८७ साली झाली. युद्धातील हवाई हल्ल्यात पहिल्या सहा मूर्ती नष्ट झाल्या; पुढे हे काम पुन्हा सुरू झाले. २०१७ सालच्या मूर्तीत दोन लाखांहून अधिक लोकांच्या अस्थी आहेत. जपानी घराण्याची समाधी थोरल्या मुलाने सांभाळावी, अशी रीत. मुलगा नाही, मुलगी परगावी, पुतण्या परदेशी, अशा घरांनी गावाकडील समाधी विधिपूर्वक बंद करून अस्थी येथे आणल्या आहेत. मूर्तीपुढे उभा राहिलेला म्हातारा नमस्कार करतो तो एका वेळी लाखोंना. त्यांत कुठे तरी आपली पत्नी आहे आणि पुढे आपणही असू, हे त्याला ठाऊक असते.

दुकानासाठी स्थळ

जपानी समाज या प्रश्नापुढे हात बांधून बसलेला नाही. मध्यस्थाचे जुने काम आता सरकारने हाती घेतले आहे. टोकियोच्या महानगर शासनाने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जोडीदार शोधण्याचे स्वतःचे मोबाईल ॲप सुरू केले. नाव नोंदविताना अविवाहित असल्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो आणि मुलाखतही होते. अनेक शहरांत आईवडिलांचे मेळावे भरतात. हॉटेलच्या दिवाणखान्यात साठी-सत्तरीतील पालक मुलांची त्सुरिगाकी हातात घेऊन टेबलाटेबलांवर फिरतात, एकमेकांना लवून नमस्कार करतात आणि कागदांची अदलाबदल करतात. मुलगा किंवा मुलगी स्वतः तेथे नसते. कित्येकदा आपले आईबाप कोठे गेले आहेत हे त्यांना माहीतही नसते.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे आता दुकानांसाठीही स्थळे पाहिली जातात. ओसाकासह देशाच्या सर्व ४७ प्रांतांत व्यवसाय-वारसासाठी सरकारी साहाय्य केंद्रे आहेत. मागे कोणी नाही असे मालक आणि धंदा करण्याची जिद्द आहे, पण भांडवल वा पेढी नाही असे तरुण, या दोघांची नोंद तेथे ठेवली जाते. मग भेट ठरते. पहिल्या भेटीत वृद्ध मालक नफ्यातोट्याचे आकडे सांगतो. खरे बोलणे पुढच्या भेटींत होते: जुन्या गिऱ्हाइकांना कसे वागवायचे, कोणता माल बंद करायचा नाही, म्हातारा कामगार राहील तोवर त्याला काढायचे नाही. तरुण काही महिने दुकानात येऊन काम करतो. मालक त्याला पाहतो. जुन्या काळी बांतोला पाहत तसाच.

सर्वच सोयरिकी जुळत नाहीत. पण काही जुळतात आणि नोरेनवरचे नाव तेच राहून आत नवे रक्त येते. सेम्बाच्या व्यापाऱ्यांनी तीनशे वर्षांपूर्वी जे ओळखले होते, तेच नव्या नावाने परत येत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांनी रक्ताहून पेढीला मोठे मानले आणि लायक माणसाला घरचा करून घेतला. फरक इतकाच, की तेव्हा त्याला घरचा करण्यासाठी घरात मुलगी होती, तिचा विवाह होता आणि पुढे नातवंडेही होती. सरकारी केंद्र दुकानाला वारस मिळवून देऊ शकते. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर त्या वृद्ध मालकाच्या ताटाशेजारी दुसरे ताट मांडणारे कोणी असेल का, हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. युइनोतील पांढऱ्या धाग्यांनी मागितले होते ते केस पांढरे होणे आणि सोबत असणे, दोन्ही. जपानच्या वाट्याला पहिले उदंड आले आहे.

संध्याकाळी मिदोसुजीवरील दिवे लागतात. कचेऱ्या सुटतात आणि भुयारी रेल्वेच्या जिन्यांवर गर्दी लोटते. आडगल्लीतील दुकानाबाहेर वृद्ध मालक येतो, दांडी उचलतो, नोरेन उतरवतो आणि घडी करून आत नेतो. ‘नोरेन उतरविणे’ या जपानी शब्दांचे अर्थ दोन आहेत. एक, आजच्यापुरते दुकान बंद करणे. दुसरा, धंदा कायमचा बंद करणे. रस्त्याने जाणाऱ्याला त्यांतला कोणता, हे पाहून कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गल्लीतून पुन्हा गेले, तरच ते समजते.